चॉकलेटातला चिकू आणि जमनाताईंची पेटी

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

बोईसरहून रंभेचा वाकून नमस्कार (कमरेने परवानगी दिली तेवढाच वाकून, उरलेला मनातून). इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा खोकला उतरला का? म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर पारडी झाली की रेडा? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण गेले कित्येक दिवस तुमचा फोन नुसता वाजतो आणि दमून गप्प बसतो. पत्राचं बरं असतं. हातात आलं की माणूस रागातसुद्धा वाचतो. तुमचा मनीष कारखान्यातून रजा काढून गावी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पेटी पाठवते आहे. पेटी आत्ताच उघडू नका. आधी वाचा, मग उघडायची की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. आपल्या इंद्रजीतने मुरबे गावच्या हिनाशी लग्न ठरवलं, तिच्या घरी मासळीचा धंदा, आणि तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या घरचं पाणीही घेणार नाही, असं तुम्ही म्हणालात ते मी त्याला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, कारण आता तोच अडून बसलाय. म्हणतो, बारशाला ज्या आत्याने माझं नाव कानात सांगितलं, ती नसताना त्या नावाने साखरपुडा करायचा नाही. मी समजावलं, ह्यांनी समजावलं, पण हट्टाच्या बाबतीत पोरगा पूर्ण तुमच्या माहेरावर गेलाय. म्हणजे तुम्ही तिकडे बसलेल्या, तो इकडे बसलेला, आणि मधे ती पोर कोळगावच्या ऑफिसातून सुटली की रोज संध्याकाळी येऊन मला विचारते, काही कळलं का काकू. मी काय सांगू? मी तिला पोहे देते.

अशात तिची आई, जमनाताई, पहिल्यांदा आपल्या घरी यायची ठरली. आता पाहुणीला काय करावं? पोहे, शिरा तर कोणीही करतं. हिनाला एक प्रकार फार आवडतो. ब्राउनी नावाचा काळा केक असतो, तो कुस्करून त्याचा गोळा करायचा, आत फळाची फोड ठेवायची आणि अख्खा गोळा पातळ चॉकलेटात बुचकळून काढायचा. मोबाईलवर एक बाई करताना पाहिली (तिची नखं एवढी लांब की पीठ कोण मळतं असा मला प्रश्न पडला). मी म्हटलं, यात काय आहे, ही तर पुरणपोळीची बहीण, फक्त हिला लाटायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पुरण भरण्यात मला कोणी नापास करू शकत नाही.

केक कुकरमध्ये केला. अंडं नाही घातलं, दही घातलं (हे मुद्दाम लिहिते आहे). शिटी काढून, तळाला मीठ घालून भाजला, तो इतका छान फुगला की ह्यांनी येता-जाता कोपरे चाचपून पाहिले आणि केक चौकोनाचा गोल झाला. आत घालायला त्या बाईने परदेशी लाल फळं घेतली होती. आपल्या हाताशी घोलवडचे चिकू असताना ती कशाला? पण चिकू पिकले होते जरा जास्तच. फोड ठेवून गोळा वळला की तो थोडा वेळ शहाण्यासारखा बसे आणि मग खालून पाझरायला लागे, न्हाऊन आलेल्या बाळासारखा. मग फोडी फडक्यावर पसरून पंख्याखाली सुकवल्या. तोवर चॉकलेट वितळून घट्ट वाटायला लागलं, म्हणून आमटी सैल करतो तसं मी त्यात पळीभर पाणी घातलं. वन्सं, आयुष्यात कधी चॉकलेटात पाणी घालू नका. ते रागावतं. क्षणात त्याची अशी ढेकळं झाली की ह्यांनी विचारलं, कुंडीतली माती गॅसवर कशाला ठेवलीस?

दुसरं चॉकलेट आणलं, ते नीट वितळलं, गोळे बुचकळून ताटात मांडले, फ्रीज उघडला आणि लाईट गेली. वीज आमच्या शेजारच्या अणुवीज केंद्रात जन्माला येते खरी, पण नांदायला लांब सासरी जाते. उकाडा असा की गोळ्यांच्या अंगावरचं चॉकलेट ओघळून ताटात तळं झालं. मी कोपरापर्यंत काळी, कपाळावरसुद्धा एक बोट, आणि तेवढ्यात दारात जमनाताई. ठरल्या वेळेच्या आधी. बोईसरच्या बाजारात मासळी विकून तशाच आल्या होत्या, बरोबर बर्फाची थर्माकोलची पेटी.

मला वाटलं, झालं, आता ही बाई हसणार आणि घरी जाऊन सांगणार की पोरीची सासू अशी. पण त्यांनी ताटाकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ताय, रडताव कशाला? बर्फ हाय ना माज्याकडं." मी म्हटलं, पण पेटी? त्या म्हणाल्या, "धुतलीय गो, दोनदा." त्यांनी पेटी पुन्हा घासली, बर्फावर पिशवी, पिशवीवर ताट, वर झाकण. आम्ही दोघी त्या पेटीच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशा. तेवढ्या वेळात त्यांनी हिनाच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या आणि मी इंद्रजीतच्या. त्यात तुम्हीही आलात. माझ्या टायफॉईडच्या आजारपणात तुम्ही त्याला पाठीशी बांधून शेतात न्यायचात, तेही सांगितलं.

झाकण काढलं तर गोळे कसे, पॉलिश केलेल्या बुटासारखे चकचकीत. मी एक तोंडात टाकला. आधी चॉकलेट लागलं, मग केक, मग चिकू, आणि सगळ्यांच्या मागून शांतपणे चालत आले बोंबील. चॉकलेट शेजाऱ्याचा वास इतक्या मायेने जवळ घेतं हे त्या नखवाल्या बाईने सांगितलं नव्हतं. मला गिळवेना आणि थुंकवेना. जमनाताईंनी एक खाल्ला, डोळे मोठे केले आणि अशा हसत सुटल्या की भिंतीला टेकल्या. "माज्या घरचाच वास आला गो, विहीणबाय." विहीण म्हणाल्या, वन्सं. तोवर दोघींचंही ताय-ताईच चाललं होतं.

मग हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्या आत्याबाय यायच्या नायत ना?" मी खरं ते सांगितलं. मला वाटलं मनाला लावून घेतील. त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याचं तोंड हाय. आमी त्यांच्यापुरती अंगणात नवी चूल मांडू, नवी भांडी आणू. पाणी पण तुमीच भरा, आमी हात लावणार नाय. खुर्चीवर नुसत्या बसू देत." मी त्यांच्या हातावर आणखी एक गोळा ठेवला.

येत्या पंचमीला मुरब्यात साखरपुडा धरलाय. धरलाय म्हणजे कॅलेंडरवर पेन्सिलीने पुसट लिहून ठेवलाय. यायचा आग्रह मी करत नाही. तुमचा नेम मोठा आहे, आणि मी धाकटी.

तुमची,
रंभा

ता. क. पेटीतले गोळे दुसऱ्या दिवशी नव्याने केलेले आहेत, लाईट असताना, आपल्या फ्रीजमध्ये. मासळीचा वाराही लागलेला नाही. निर्धास्त खा. चिकूची बी काढली आहे.

ता. क. २. पहिले गोळे वाया गेले नाहीत. तुमच्या बंधूंनी बशी रिकामी केली आणि म्हणाले, वास ओळखीचा वाटतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये इतकी वर्षं वरणभात जेवलेल्या माणसाला हा वास ओळखीचा कसा, हे मी विचारलं नाही. थोरली बहीण म्हणून तुम्ही समोर बसवून विचारावं.

ता. क. ३. पेटी मात्र आपली नाही. जमनाताईंनी पालघरला जाऊन मुद्दाम तुमच्यासाठी कोरी आणली, पावतीसकट मला दाखवली. म्हणजे ती त्यांना परत करायला हवी. मनीषच्या हाती देऊ नका, तो बसमध्ये विसरेल. आणि कुणाचा डबा तुम्ही आजवर रिकामा परत केलेला नाही, हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे. तर म्हैस व्याली असेल तर तूप चालेल. नसेल तर आत साखरपुड्याच्या पाच सुपाऱ्या आणि पंचमीला पेटीबरोबर तुम्ही.