सातव्या अंकापासून वाच

चिमणे,

बाबांच्या चित्रकथेतल्या गंजराजचं एवढं वेड लागलंय ना तुला, मग पहिल्या अंकापासून वाचू नकोस. पहिल्या सहा अंकांत तो नुसता दात विचकून हसतो. सातवा घे. त्यात तो आईला भेटायला जातो आणि दारातूनच परत फिरतो. मग अकरावा, मग अठरावा. एवढे तीन वाचलेस की हा खलनायक तुला कळला. एकोणिसाव्यापासून पुन्हा दात विचकणं सुरू. ते वाचलं नाहीस तरी काही बिघडत नाही.

सातव्यापासून गंजराज काठी डाव्या हातात का धरतो, यावरून तुझ्या मैत्रिणींत वाद चाललाय म्हणे. बाबा काल हसून म्हणाले, "ते गुपित आहे." कसलं डोंबलाचं गुपित! त्यांचा हात मोडला होता. तो नीट जुळेपर्यंत वर्ष गेलं आणि ते बारा अंक मी काढले. घाईघाईत माझ्याच सवयीने काठी डाव्या हातात गेली.

आता सगळे अंक एकत्र छापतायत आणि मुखपृष्ठावर नाव एकट्या बाबांचं. तेव्हा गप्प बसले, आता नाही बसणार. माझी पेन्सिलची कच्ची चित्रं घेऊन प्रकाशकाकडे चाललेय. बाबांनी विचारलं तर खुशाल सांग. जेवण झाकून ठेवलंय, त्यांना वाढून घेता येतं.

तुझ्या सातव्या अंकावर सही हवी होती ना? टेबलावर काढून ठेव. आल्यावर करते.

डाव्या हातानेच.

आई