खेचराच्या पलीकडचा माणूस

६ फेब्रुवारी

फार उशिरा लिहितोय, वही, माफ कर. थोरला गेला तेव्हापासून तुला हातच लावला नाही. पहिली ओळ तीच लिहावी लागली असती, म्हणून टाळत राहिलो. आता लिहितो. माझा थोरला भाऊ गेला. झालं.

वहिनी अर्ध्या ताटावरून उठतात. आज मला बोलावून म्हणाल्या, "भावजी, हे लढाईत नेमकं काय करत होते, तेवढं मला शोधून द्या. एवढा संसार केला, पण ती चार वर्षं माझ्याकडे नाहीत."

देतो म्हणालो. म्हणायला काय जातं! सातवी नापास माणूस मी. कचेरीची पायरी दिसली की मी रस्ता बदलतो.

१४ फेब्रुवारी

गेलो एकदाचा माजी सैनिकांच्या कचेरीत. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटच्या खिडकीतला कारकून भला निघाला, आत जाऊन बघून आला. म्हणाला, वाहतूक पथक, जनावरांकडे. जनावरं म्हणजे? खेचरं. आणखी काही? आणखी काही नाही.

आता हे घेऊन घरी काय जाऊ? खेचरं हाकायचा हे तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पुतण्या बापाला पाठीमागे 'हमाल' म्हणतो. एकदा तोंडावरही म्हणाला.

त्याला कारण थोरल्याची खोड. काहीही उचलायचं असो — कपाट, पलंग, अगदी सतरंजीची घडी — हा एका बाजूला जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "पलीकडे कोण?" कुणी 'मी' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. आम्ही हसायचो. पुतण्याच्या लग्नात पाण्याचं पिंप हलवायचं होतं, तर नवऱ्या मुलाचे वडील पिंपाशी नुसते उभे! व्याही बघतायत, पाहुणे बघतायत. शेवटी आचाऱ्याने उचललं. तेव्हापासून पुतण्या बापाशी धड बोलला नाही.

१५ फेब्रुवारी

घात झाला. केला, असं लिहायला हवं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. खेचरं म्हणालो तर त्यांचा चेहरा उतरला. आणि माझी जीभ सुटली. म्हणालो, नुसती खेचरं नव्हेत वहिनी, जखमी सैनिक! वरून गोळ्या येतायत आणि थोरला एकेकाला खेचरावर बांधून घाट उतरतोय. नाव सांगितल्यावर कचेरीतले साहेब उठून उभे राहिले!

वहिनी आज पोटभर जेवल्या. मी ताट झाकून उठलो.

१९ फेब्रुवारी

वहिनींनी शेजारणीला सांगितलं. म्हणजे दवंडीच पिटली.

२५ फेब्रुवारी

पुतण्या आला, न बोलावता. थोरल्याचा फोटो मोठा करून आणलाय. खाली पितळी पट्टी लावायची म्हणतो, तिच्यावर कोरायला मजकूर हवा. "काका, जागा कुठली होती? साल कुठलं?" विचारून सांगतो म्हणालो. कुणाला विचारणार, देव जाणे.

जाताना जिन्यात थांबला. "मी त्यांना हमाल म्हणायचो, काका." केस पिकलेला माणूस, लहान पोरासारखा रडला. मी पाठीवर हात ठेवला. चोराचा हात.

२ मार्च

माजी सैनिकांच्या कचेरीबाहेर बाक आहे. आठवडाभर तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतोय. वाटतं, खरं असं काही मोठं सापडलं तर खोट्याला ठिगळ लावता येईल.

आज एक काठीवाले म्हातारबुवा म्हणाले, खेचरवाल्यांपैकी एक जण आहे, कालव्याकाठच्या गावात, खोगिरं शिवायचा. हयात आहे का, विचारलं. "परवापर्यंत भांडत होता. म्हणजे असावा."

५ मार्च

भेटलो.

बसने दुपारी पोचलो. तो खेचरवाला लेकीकडे राहतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस म्हणजे सावली. मी थोरल्याचं नाव सांगितलं तर हातातला पेला खाली ठेवला. म्हणाला, "धाकटे ना तुम्ही? मी त्याचा पलीकडचा."

मला कळेना. मग त्याने पडवीतली कोळसे भरलेली पोती दाखवून समजावलं. खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंची ओझी एकदम चढवावी लागतात. एक आधी चढलं की जनावर त्या अंगाला कलंडतं. घाटातली वाट त्या पडवीपेक्षा अरुंद. पहाटेच्या काळोखात पाठीपलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून आधी विचारायचं, पलीकडे कोण. पलीकडच्याने 'मी' म्हणायचं. मगच दोघांनी उचलायचं.

मला पिंप आठवलं. सतरंजी आठवली. मान वर करवेना.

पुढचं तो लेक आत गेल्यावर बोलला.

"त्या पहाटे त्याने विचारलं. मी 'मी' म्हणालो. पण हातात बिडी होती हो. विझवत होतो. त्याने उचललं, मी नाही उचललं."

खेचर दरीत गेलं. ओझ्यासकट. खालून बराच वेळ ओरडत होतं म्हणे.

चौकशी झाली. काळोखात बिडी म्हणजे शत्रूला दिवाच दाखवणं. त्याची सजा जबर. थोरला पुढे झाला आणि म्हणाला, चूक माझी, मी विचारलंच नाही. त्याची हुद्द्याची फीत काढून घेतली. लढाई संपेपर्यंत खेचराऐवजी स्वतःच्या पाठीवर ओझी वाहिली त्याने.

"हमाल केला त्याला मी," म्हातारा म्हणाला. "आणि एका शब्दाने बोलला नाही मला. तुमच्या वहिनींच्या पायावर डोकं ठेवायचंय. पत्ता सांगा."

६ मार्च

काल एक गोष्ट लिहिली नाही.

पत्ता सांगितला. पण जुन्या घराचा. त्या गल्लीत आता सगळी गोदामं आहेत, आम्हाला ओळखणारं कुणी उरलं नाही. त्याच्या लेकीने फोन नंबर मागितला तर म्हणालो, आमचा फोन बंद असतो, मीच करीन. तिचा लिहून घेतला.

बसमध्ये स्वतःला समजावत होतो, सवयीने जुनाच पत्ता तोंडात आला. कसली सवय! तो आला असता तर माझे जखमी आणि माझे साहेब उघडे पडले असते. म्हणून दिला. तुझ्यापाशी तरी खरं लिहितो.

असा अधू माणूस कुठे येतोय एवढ्या लांब. नाही येणार.

९ मार्च

पट्टी आली. पुतण्या थांबला नाही, शेजारणीकडून ऐकून मजकूर कोरूनच घेतला. 'शूर' शब्द दोनदा आहे.

फोटो भिंतीवर चढवायचा होता. वहिनी एका टोकाला उभ्या राहिल्या. फ्रेमला हात लावला, आणि थोरल्याच्या सुरात म्हणाल्या, "पलीकडे कोण?"

मला 'मी' म्हणता येईना.

खाली बसलो आणि सगळं सांगितलं. गोळ्या खोट्या, साहेब खोटे. मग खेचर, बिडी, फीत, पाठीवरची ओझी. वाटलं, आता या मला घराबाहेर काढतील. त्या पदराने फोटोची काच पुसत राहिल्या. मग एवढंच विचारलं,

"यांनी विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं, वहिनी."

"मग झालं."

पट्टी त्यांनी स्वतः काढली. म्हणाल्या, त्या माणसाला बोलवा. रागवायला नाही. माझ्याकडे नसलेली चार वर्षं त्यांच्याकडे आहेत. आजच फोन करा भावजी.

पुतण्याला मीच फोनवर कळवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे लग्नात ते वाट बघत होते?"

हो म्हटलं.

"पिंपाच्या पलीकडे मीच उभा होतो, काका."

१० मार्च

फोन केला नाही. खरा पत्ता द्यायचा म्हणजे आधीचा खोटा होता हे सांगावं लागणार. वहिनींना सगळं सांगितलं, हे मात्र नाही सांगितलं. उद्या करतो.

११ मार्च

लाइन लागत नाही असं वहिनींना सांगितलं. त्यांनी पलंगावर नवी चादर घातली आहे. पाहुणा थकून येईल म्हणतात. उद्या नक्की.

१२ मार्च

केला फोन. लेक हसून म्हणाली, "अहो, बाबा कालच सकाळच्या बसने निघाले की तुमच्याकडे! एकटेच जातो म्हणाले, ऐकेनात. पत्ता पाठच करून ठेवला होता. पोचल्याचं कळवा म्हटलं होतं, विसरले वाटतं?"

पत्त्याचं आता सांगावंच लागलं. पुतण्या जुन्या गल्लीकडे पळालाय. वहिनी माझ्याकडे बघतही नाहीत. मी दारात बसून लिहितोय.

खेचरवाल्या बाबा रे, मिळेल त्या दारावर हाक मार. कुणीतरी 'मी' म्हणेल. आहेस तिथून निरोप दे. लवकर दे.