दादाच्या श्वासाची जागा

विश्रामबाग, सांगली
५ फेब्रुवारी २०२५

सिद्धूदादा,

पाया पडतो. इकडे सगळे बरे आहेत. तुझी लेक राणी कॉलेजला वेळेवर जाते, पोटभर जेवते आणि माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकताना माझी चेष्टाही करते. उद्या ती गावी येतेय, हे पत्र तिच्याच हाती देतो. फोनवर मी भाषण करतो आणि तू "बरं, ठिवतो" म्हणतोस, म्हणून लिहायला बसलो.

परवा कुपवाडला कामगारांची सभा झाली. तासभर बोललो. टाळ्या झाल्या, गाड्या सुरू झाल्या, मैदान मोकळं. पूर्वी अशा सभेनंतर माझी छाती फुगायची.

घरी आलो तर राणी भाकरी थापत तुझी ओवी म्हणत होती. बहीण विहिरीवर वाट बघतेय आणि भाऊ मेंढरं घेऊन लांब गेलाय, ती. ओळीच्या शेवटी ती श्वासाला थांबली. मी दारातूनच शेवटचा शब्द उचलला. पोरगी पीठभरल्या हातानं तोंड दाबून हसली.

"आवं काका, तुमी भाषणागत गाताय! मोर्चा निघंल."

"तुझ्या बापासारखं कुणाला जमणार?"

तिचं हसू गेलं. "आबा कुठं गात्यात? मेंढरांमागं बी न्हाई. आठ वर्सं झाली."

आठ वर्षं. म्हणजे त्या जत्रेपासून.

पंचांनी वेळ संपली म्हणून तुझं गाणं थांबवून माइक माझ्याकडे दिला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तूही कधी खोडलं नाहीस. दादा, पंच काहीच बोलले नव्हते.

तू "पाणी" एवढा एकच शब्द ओढला होतास. रोजचा, साधा शब्द. पण त्यात ती विहीर होती, ती बहीण होती, तिची सगळी वाट बघणं होतं. दोन हजार माणसं गप्प झाली. आई पदरात तोंड खुपसून रडत होती. चराईच्या हक्कासाठी मी गावोगाव घसा फोडला, पण अशी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मला हेवा वाटला.

तू श्वास घ्यायला थांबलास. तेवढ्या वेळात मागच्यानं झील धरायची, ओळ खाली पडू द्यायची नाही. लहानपणापासून ते माझं काम. तुझा श्वास मला स्पष्ट ऐकू आला, आणि त्या जागेत मी माइकवर गरजलो, "बंधूंनो!"

तू वळून पाहिलंस. कानावरचा हात खाली घेतलास आणि मंचावरून उतरलास. मी पाऊण तास बोललो.

भाषणावरचा माझा विश्वास उडालेला नाही. हक्क ओरडूनच मागावे लागतात, हे उद्याही सांगेन. पण इतकी वर्षं बोलून मला ती विहीर कुणाला दाखवता आली नाही. तुझ्या मागे उभा असायचो तेव्हा मला ती दिसायची. तसं पुन्हा उभं राहावंसं वाटतं, रे. फार वाटतं.

रविवारी येतो. मेंढरं जिथं बसली असतील तिथं. माणसं जमवू नकोस. गाशील का? माझा गळा फाटलाय, पण झील सोडणार नाही.

आणि नकोच असेल, तर राणीकडे निरोप ठेवू नकोस. फोन कर, तोंडानं सांग. निदान ते "न्हाई" तरी मला तुझ्या आवाजात ऐकू दे.

तुझी ओळ पाडणारा,
तुझाच भाऊ,
बिरदेव