कापसाचा बर्फ

अखिल-मेढा-पंचक्रोशी-शिशुमंडल-चक्रवर्तिनी, शेंबूड-निर्मूलन-धुरंधरा, आर्द्रचड्डी-प्रसंगी स्थितप्रज्ञा, बिस्किट-वितरण-न्यायाधीशा, बालवाडी-सिंहासनाधीश्वरी बाई, आपल्या चरणी या अल्पमती शिष्येचा सविनय निषेध. नमस्काराचे नंतर बघू. आपण स्वर्गस्थ होऊन इतकी वर्षे लोटली आहेत की, आता आपल्यावर रागावणे शास्त्रसंमत आहे की नाही याविषयी मी साशंक आहे. तरीही रागावले आहे.

मेढ्याची ती पौषातली सकाळ आपल्याला आठवत असेल. मी नुकतीच आपल्या हाताखाली मदतनीस म्हणून रुजू झाले होते आणि ‘हिवाळा’ या विषयाचे शैक्षणिक साधन म्हणून पुठ्ठ्यावर कापूस चिकटवून एक हिमाच्छादित पर्वत निर्मिला होता. निर्मातीचा अहंकार त्या पर्वताहून किंचित उंच होता. आपण येता, पाहता, आणि तो कापूस ओरबाडून काढता. त्याचे बोळे करता, चुलीपाशी पातळ केलेल्या खोबरेलात बुडवता आणि पोरांचे उललेले गाल पुसू लागता. “हितं बर्फ कवा पडला व्हता गं?” मी म्हणते, “पुस्तकात आहे, बाई.” “मग पुस्तकाला घाल स्वेटर.” पर्वत नष्ट झाल्यावर आपण सगळ्या पोरांना अंगणात नेलेत. अनवाणी पायांनी दवातून चालवून ओली पावले फरशीवर उमटवून घेतलीत. तोंडातून निघणाऱ्या वाफेला पोरे बिडी म्हणत होती आणि आपण त्या नामकरणास हरकत घेतली नाहीत. थिजलेल्या तेलाची बाटली उन्हात ठेवली, तेव्हा एक चिमुरडी कुजबुजली, “बाई, त्याल झोपलंय.” आपण तितक्याच हळू म्हणालात, “मग वरडू नगा. ऊन उठवंल त्याला.” आणि ती सगळी वानरसेना त्या बाटलीभोवती श्वास रोखून बसली. इतकी शांतता मी पुढे कोणत्याही विद्वत्सभेत अनुभवली नाही.

त्या बाटलीतून मी माझा वेद उपसला. सांगलीत आल्यावर ज्या शिशुशाळेत बालवर्गाची प्रमुख झाले, तिथे दर डिसेंबरात ‘विंटर वीक’ नामक महोत्सवाचा प्रस्ताव येई: थर्माकोलचे इग्लू, पेंग्विनचे मुखवटे, कापसाचा हिमपुरुष. कृष्णाकाठच्या ज्या बालकाने फ्रीजबाहेर बर्फ पाहिलेला नाही, त्याने पेंग्विनच्या कुटुंबजीवनाची चिंता का वाहावी, असा माझा आक्षेप असे आणि आपले नाव हाच माझा सिद्धान्त. ‘माझ्या बाईंनी हे कधीच केले नसते,’ एवढे म्हटले की सभा बरखास्त होई. मी दव, बोरे, हुरडा आणि तेलाची बाटली यांवर माझे साम्राज्य राखून होते. यंदाच्या डिसेंबरात नव्या संचालिका आल्या, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी तोच प्रस्ताव मांडला आणि मी आवेशात जाहीर केले की, या वर्गात कापसाचा बर्फ पडेल त्या दिवशी मी नसेन.

त्यांनी आवाज चढवला असता तर बरे झाले असते. त्या ओशाळून म्हणाल्या, “ताई, मी पण बाईंच्याच हाताखाली शिकले. साताऱ्याला. मेढ्याची बालवाडी बंद झाल्यावर त्या आमच्या नर्सरीत होत्या ना. इग्लू मला त्यांनीच शिकवला.” आणि मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. कापसाच्या हिमपुरुषाच्या खांद्यावर हात टाकून आपण उभ्या, डोक्यावर लोकरीची लाल टोपी. मी विचारले, “त्या स्वखुशीने करत होत्या?” “तसं नाही सांगता येणार. म्हणायच्या, ‘आईबापास्नी फोटू पायजेत. दवाचा फोटू येत न्हाई.’” त्या पुढे म्हणाल्या, कारण सत्यकथनाचा मोह तरुणांना अनावर असतो, “तुमच्याबद्दल पण बोलायच्या. ‘सांगलीत माजी एक पोरगी हाय, ती अजून बाटलीपुढं बसली आसंल.’ आम्ही सगळ्या हसायचो.”

बाई, पोटासाठी पेंग्विन पाळला, याबद्दल माझी तक्रार नाही. आपद्धर्म मलाही कळतो. परंतु मी दर दिवाळीत साताऱ्याला आपल्या घरी येत होते आणि नर्सरीचा शब्दही आपण कधी काढला नाहीत. आपण बेसनाचा लाडू पुढे करत होता, मी माझ्या दव-दिग्विजयाच्या कथा सांगत होते, संचालक मंडळाला कसे परास्त केले ते साभिनय दाखवत होते, आणि आपण मान डोलावून म्हणत होता, “लय ब्येस केलंस. आजाबात ऐकू नगंस कुणाचं.” ज्या किल्ल्याची किल्ली आपण केव्हाच खाली ठेवली होती, त्याच्या दारावर मला उभे केलेत आणि वरून शाबासकी दिलीत. एकदा तरी म्हणायचे, पोरी, मी सोडलंय, तूही सोड. मी सोडले नसते कदाचित. पण निर्णय माझा झाला असता.

प्रतिज्ञेचे म्हणाल तर, मी गेले नाही. या वयात दुसरा वर्ग कोण देणार? सोमवारपासून मी स्वहस्ते हिमपुरुष रचते आहे, आणि हे पत्र टपालात पडणार नाही हे आपल्याइतकेच मलाही ठाऊक आहे. मात्र एका शंकेचे निरसन न करता आपण गेलात. शाळेच्या गोंदाने कापूस पुठ्ठ्याला धरत नाही. बोटांना घट्ट बसतो, पण पंखा लावला की महापुरुषाचे मस्तक गळून पोरांच्या डब्यात पडते. छायाचित्रात आपल्या हिमपुरुषाचे डोके तर कसे ताठ दिसते. आपण गोंद कोणता वापरत होता?