जुना पत्ता

४ मार्च, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस मस्त गेला! खिडकीजवळचं टेबल, चहा फुकट, बसथांबा पाच मिनिटांवर. औषधांच्या गोदामाचा सगळा कारभार एका कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर चालतो. वीस वर्षांचं यंत्र, पण कुरकुर नाही. त्याचा ऑपरेटर इतका वक्तशीर की सगळे त्याला 'घड्याळ' म्हणतात. आईला सांभाळणाऱ्या मावशींनाही माझी वेळ जमली. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं ती बोलत नाही, नुसती बघते. मी सांगतेच.

७ मार्च, गुरुवार
दृष्ट लागली. रोज दुपारी सव्वातीनला मुख्य प्रोग्राम कोसळतो. हा प्रोग्राम नुसतं नाव घेऊन प्रोसिजरला, एकेका कामाच्या छोट्या प्रोग्रामला, हाक मारतो, म्हणजे ती मेमरीत कुठे आहे तो पत्ता शोधतो आणि तिथे उडी घेतो. पत्ता लक्षात ठेवतो तो पॉइंटर. तो चुकला की उडी भलत्याच घरात. साहेब म्हणाले, इंजेक्शनं वेळेवर निघाली नाहीत तर रुग्णालयांत माणसं अडकतील. आकडे वाचून डोळ्यांच्या खाचा झाल्या. घरी येऊन आईला भरवणं, पुसणं, कूस बदलणं. पाठ भरून आलीय.

११ मार्च, सोमवार
कोसळताना मेमरीत काय होतं ते छापून काढलं. चुकीच्या पत्त्यावर नुसता कचरा असायला हवा. तिथे ओळ होती, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'बुटके, जेवलीस का?'
मला बुटके फक्त आई म्हणते. म्हणायची.
घड्याळला कागद दाखवला. त्याला तिथे नुसती टिंबं दिसली. त्याने मला सुट्टी घ्यायला सांगितलं.

१२ मार्च
'किती दमतेस गं.'
बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.
चूक सापडलीय खरं तर. दुपारी तीनला काही प्रोग्राम मेमरीत नव्याने चढवतात. प्रोसिजर नव्या जागी जाते, पॉइंटर जुनाच पत्ता धरून बसतो. दर वेळी पत्ता नव्याने विचारला की झालं. दहा ओळींचं काम.
साहेबांना म्हटलं, अजून शोधतेय.

१३ मार्च
'मावशींना घरात एकटं ठेवू नकोस.'
लगेच फोन केला. मावशी म्हणाल्या, सगळं ठीक आहे, आई झोपल्यात. मग हळूच म्हणाल्या की हल्ली आईंकडे पाठ करायला नको वाटतं.

१४ मार्च
'खाटेवर आहे ती मी नाही.'
पानंच्या पानं, तेवढंच.
संध्याकाळी भरवायला बसले. तिने घास घेतला. चावला. माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं बघतेय – कोण बघतंय?

१५ मार्च
एका रुग्णालयात इंजेक्शन चार तास उशिरा पोचलं. बाई वाचली, थोडक्यात. साहेब ओरडले नाहीत, तिच्या ऑर्डरचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते जास्त लागलं.
दहा ओळी लिहिल्या. सव्वातीन वाजले, काही कोसळलं नाही. घड्याळने पाठ थोपटली.
त्या जागेची मेमरी पुन्हा छापून पाहिली. टिंबं. नुसती टिंबं.
आई, तुझ्यापर्यंत जाणारा एकच रस्ता होता, तो मीच –

१६ मार्च
सुट्टी. मावशी आल्या नाहीत. फोन उचलत नाहीत. मी स्वयंपाकघरात.
आतली खाट करकरली. तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही –

पावलं. एक. थांबून – एक –

दाराशी आहे. आवाज आईचा, अगदी आईचाच. पण मला अहो-जाहो करतेय. सावकाश, पाठ केल्यासारखं – विचारतेय, तुम्ही बाहेर येता, की मीच आत –