रूळ काढलेलं स्टेशन

अंशुमन,

पाठवायचं नाही, म्हणून सरळ लिहिते आहे.

डेन्मार्कमधल्या ज्या छोट्या गावात तू जानेवारीपासून राहतोस, मूळ तिथलीच मेटे नावाची मुलगी आज बर्मिंगहॅमच्या आमच्या सिग्नलिंग ऑफिसात जॉइन झाली. मी कौतुकाने सांगितलं, "माझा होणारा नवरा रोज संध्याकाळी तुमच्या स्टेशनवरून ट्रेनने रात्रपाळीला जातो."

ती हसली. "आमच्या? तिथले रूळ माझ्या जन्माआधीच काढले. स्टेशनात आता लायब्ररी आहे."

मी लगेच नकाशा उघडला. रुळांच्या जागी सायकलची वाट आहे. रेल्वे हेच माझं काम, तरी मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. तुझं बोलणं तपासावं असं वाटलंच नाही.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तुझा फोन आला आणि नेहमीप्रमाणेच संपत आला. "चल तनू, ट्रेन आली, ठेवतो."

पुढच्या महिन्यात आपलं लग्न आहे. लंडनजवळच्या पिनरमधला हॉल बुक झालाय. मी जाब विचारायला हवा होता. पण तोंडातून एवढंच निघालं, "गर्दी आहे का रे?"

"नाही गं," तू म्हणालास. "मस्त खिडकीपाशी जागा मिळाली."

तनिषा