साठ दिवस आणि सोन्याचा कस्टोडियन

६ मार्च
निवृत्तीचे एक लाख ऐंशी हजार डॉलर जुन्या फंडातून सुटून आज बँकेत जमा झाले. काउंटरवरच्या वर्लाने दोनदा स्क्रीन बघून खात्री दिली. आता सगळ्याचं सोनं घेणार. मात्र निवृत्तीचं सोनं घरी ठेवायला कायद्याने बंदी. कुठल्यातरी कस्टोडियन, म्हणजे असं खातं सांभाळणाऱ्या, कंपनीकडे खातं उघडून पैसे तिथे टाकायचे, तेही साठ दिवसांत. म्हणजे ५ मेपर्यंत. नाहीतर सगळी रक्कम यंदाची कमाई धरली जाईल. आमचे टॅक्सचे कागद भरणारी नादीन म्हणते, चाळीस हजार तरी करात जातील.
साठ दिवस कशाला? एकतीस वर्षं लोकांना विकत घ्यायची घरं तपासून दिली. एक कंपनी तपासायला आठवडा पुरे.

१९ मार्च
चौदा कंपन्यांना फोन केले. प्रत्येकीला एकशे बारा प्रश्न. सहावा प्रश्न : छप्पर शेवटचं कधी बदललं? तिथेच सात जणांनी फोन ठेवले. यादी आपोआप निम्मी. पद्धत उत्तम चालली आहे.

२ एप्रिल
आर्लिस म्हणाली, मर्ल, तोवर वर्लाच्याच बँकेत निवृत्तीचं साधं खातं उघड, दहा मिनिटांचं काम, साठ दिवसांची अट मिटेल. मग तिथून हलव सावकाश, बस शोधत तुझा राजवाडा. मी म्हटलं, तात्पुरत्या कामांनीच तळघरात पाणी शिरतं. ती म्हणाली, आपल्या तळघरात दोन वर्षं शिरतंय, ते कुठल्या कामाने?
बायकोशी पैशांवर बोलू नये.

११ एप्रिल
एक कंपनी बघायला सू फॉल्स शहरापर्यंत गाडी हाणली. अडीच तास. कंपनीचं नाव भारदस्त, ऑफिस मात्र कुत्र्यांच्या पार्लरच्या वर. टेसा हॉगेन नावाची मुलगी भेटली. म्हणाली, मिस्टर वोंड्रासेक, सोनं इथे नसतंच हो, ते डेलावेअरच्या तिजोरीत. आम्ही नुसते कागद सांभाळतो. तरी तपासलं. खिडकीची कडी ढिली, छताला ओल. नळ पण बघणार का, असं तिने हसत विचारलं. बघितला. गळतो.
कंपनी बाद. येताना वाटेत राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल खाल्ला. फेरी वाया गेली नाही.

२४ एप्रिल
उरल्या तीन. आर्लिसने फ्रिजवर मोठा ११ लिहून ठेवला. आकड्यांनी निर्णय बिघडतात, असं समजावून पुसला.

२५ एप्रिल
फ्रिजवर १०. या वेळी न पुसणाऱ्या पेनने.

२ मे, सकाळ
निर्णय झाला! टेसाचीच कंपनी. बाकीच्या तिघींच्या मानाने तिथला नळ काहीच नाही. अर्ज, सही, लायसन्सचा फोटो, सगळं पाठवलं. कागद स्वच्छ असतील तर सोमवारी खातं उघडेल म्हणाली. माझे कागद स्वच्छच असतात. आर्लिसला म्हटलं, बघ, वेळेत. ती म्हणाली, अजून उघडलं नाहीये.

२ मे, ४.५०
टेसाचा फोन. माझं ड्रायव्हिंग लायसन्स फेब्रुवारीतच संपलंय. चालू ओळखपत्राशिवाय खातं नाही. आम्हालाही तपासावं लागतं ना, म्हणाली. सूर नम्र होता, हे मान्य.
लायसन्स ऑफिस सोमवारी, ५ तारखेलाच उघडणार. म्हणजे अजून एक अख्खा दिवस हातात.

५ मे
रांगेत पाच तास. दाराची बिजागरी चुकीची बसवली आहे, हे त्यांना दाखवून दिल्यावर आणखी थोडा वेळ गेला. नवं कार्ड टपालाने, दोन आठवड्यांनी. तोवर चालवा म्हणून एक कागद दिला. टेसाला फोन केला. कागद चालत नाही.
मग वर्ला आठवली. बँकेच्या दाराशी पोचलो तेव्हा पाच वाजून सात मिनिटं. वर्लाने काचेआडून हात हलवला आणि दिवे घालवले.

६ मे
एकसष्टावा दिवस. नादीनने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग फोन आर्लिसला द्या म्हणाली. उद्या सकाळी दहाला तिच्याकडे जायचं आहे. चेकबुक आर्लिस घेणार, बोलणार आर्लिस. मी गाडीत बसायचं.